मुलांचे कार्यात्मक विकार आणि सुधारणेचे मोजमाप

(प्राथमिक शिक्षकांच्या शैक्षणिक संमेलनात झालेले भाषण)



आजच्या भाषणासाठी निवडलेला विषय प्रथमदर्शनी आपल्या कक्षेबाहेरचा वाटेल. मुलांच्या मज्जासंस्थेचे विकार, त्यांवरील मानसोपचार आणि त्या उपचारांच्या फलाचे मोजमाप या गोष्टी डॉक्टरांनी व मानसशास्त्रज्ञांनी पाहावयाच्या. प्राथमिक शिक्षकाचा त्यांच्याशी काय संबंध, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु या विकारातून मूल बरे झाले की नाही हे ठरविण्याची वेळ येते, तेव्हा तज्ज्ञ मंडळी ज्या गोष्टींकडे पाहतात त्यांत मूल शाळेत नियमित जाऊ लागले की नाही, ही एक प्रमुख गोष्ट असते. ती ज्या कागदावर लिहिलेली असते तो हजेरीपट आपल्या टेबलावर असतो. म्हणून या विषयात आपलाही वाटा आहे, आणि तो वाटा कोणता हे सांगण्याचा आज माझा प्रयत्न आहे.

विकाराचे स्वरूप

प्रथम या विकाराची ओळख करून घेऊ. एखाद्या मुलाचा पाय एकाएकी लुळा पडतो, हात थरथरू लागतो, वाचा बसते, दिसेनासे होते, किंवा अपस्मारासारखे झटके येतात. तपासणीत मेंदूला इजा, गाठ, संसर्ग यांपैकी काही आढळत नाही. झटका चालू असताना मेंदूचा विद्युत्‌-आलेख काढला तर त्यात अपस्माराच्या लहरी दिसत नाहीत. पूर्वी अशा अवस्थेला ‘हिस्टेरिया’ म्हणत. पुढे ‘रूपांतर विकार’ हे नाव आले. आज ‘मज्जासंस्थेचा कार्यात्मक विकार’ हे नाव रूढ होत आहे. येथे बिघाड रचनेत नसून कार्यात असतो. आपल्या शेतीतील दाखला घ्यावयाचा तर विहिरीत पाणी आहे, पाट शाबूत आहे, वाफाही तयार आहे; परंतु दारे धरण्याचे काम चुकल्यामुळे पाणी भलत्याच वाफ्यात शिरते किंवा पोहोचतच नाही. मेंदू आणि शरीर यांच्यामधील आज्ञांची देवाणघेवाण अशा रीतीने बिघडलेली असते.

हे सोंग नव्हे, ही गोष्ट आरंभीच ठामपणे सांगितली पाहिजे. मूल ते जाणूनबुजून करीत नाही, आणि ‘बंद कर’ असे दरडावल्याने ते त्याला बंद करता येत नाही. डॉक्टर हे निदान केवळ ‘काही सापडले नाही’ एवढ्यावरून करीत नाहीत. त्यासाठी निश्चित खुणा आहेत. हूव्हर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९०८ साली वर्णिलेली खूण पाहा. रोग्याला उताणे निजवून लुळ्या पायाची टाच खाली दाबण्यास सांगितले, तर ती दाबता येत नाही. नंतर दुसरा, चांगला पाय विरोधाला न जुमानता वर उचलण्यास सांगितले, की लुळ्या पायाची टाच आपोआप खाली दाबली जाते. म्हणजे शक्ती आहे. जाणीवपूर्वक हुकूम केला की मात्र ती हाती लागत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेत अशा प्रत्यक्ष खुणांवर भर दिला, आणि निदानासाठी मानसिक आघात सापडलाच पाहिजे ही जुनी अट काढून टाकली. कारण आघात काही मुलांच्या बाबतीत असतो, काहींच्या बाबतीत सापडत नाही; त्रास मात्र दोघांचाही खराच असतो.

हा विकार विरळा आहे. युनायटेड किंग्डम व आयर्लंड येथील सोळा वर्षांखालील मुलांची, बालरोगतज्ज्ञ व बालमनोविकारतज्ज्ञ यांच्यामार्फत केलेली एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत दरवर्षी एक लाख मुलांमागे १.३ असे नवे रोगी आढळले. ही संख्या विशेषज्ञांपर्यंत पोहोचलेल्या आणि रेंगाळलेल्या लक्षणांची आहे. या पाहणीतील एक निष्कर्ष आपण शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. सुमारे ८० टक्के मुलांच्या बाबतीत विकारापूर्वी काही ना काही मानसिक ताण असल्याचे कळले, आणि त्या ताणांत सर्वांत जास्त वेळा आढळलेला ताण म्हणजे शाळेत इतर मुलांकडून होणारा छळ. एका वर्षानंतर ज्या मुलांची माहिती मिळू शकली, त्यांच्या लक्षणांत सुधारणा झाल्याचे आढळले. परंतु त्यांच्यापैकी सुमारे चौथा हिस्सा मुलांना तोवर दुसऱ्या एखाद्या मानसिक विकाराचे निदान झालेले होते. लक्षण हटले म्हणजे मूल सुखी झाले, असे समजता येत नाही, हे या एका आकड्यावरून दिसून येते. मोजमापाचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

नुसते झटके मोजून का भागत नाही

या विकारावर औषधांपेक्षा मानसोपचाराचा उपयोग अधिक होतो. निदान नीट समजावून सांगणे, झटका येण्यापूर्वीच्या खुणा ओळखून त्या वेळी शरीराला वेगळी कृती करावयास शिकविणे, भीतीने टाळलेल्या गोष्टी हळूहळू पुन्हा करावयास लावणे, आणि ‘हे माझ्या हाती नाही’ या समजुतीला अनुभवाने छेद देणे, असे त्याचे स्थूल स्वरूप असते. पाय लुळा असेल तर व्यायामोपचाराची जोड दिली जाते. घर व शाळा यांनाही उपचारात सामील करून घेतले जाते. आता असा उपचार आठ-दहा आठवडे झाला, तर त्याचा उपयोग झाला हे कशावरून म्हणावयाचे?

सर्वांत सोपे उत्तर असे, की झटके मोजावेत. अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी अशाच झटक्यांनी त्रस्त असलेल्या मुलांवर केलेला एक प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. एका गटाला झटक्यांवर ताबा मिळविण्याचे शिक्षण देणारा उपचार आणि दुसऱ्या गटाला केवळ आधार देणारे समुपदेशन, अशी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी केली. मुख्य माप एकच होते : उपचारापूर्वीच्या सात दिवसांत किती झटके आले आणि उपचारानंतरच्या सात दिवसांत किती आले. पहिल्या गटातील एकाही मुलाला उपचारानंतरच्या त्या सात दिवसांत झटका आला नाही, आणि ८२ टक्के मुले साठ दिवसांपर्यंत झटक्यांपासून मुक्त राहिली. प्रयोग लहान होता, अवघ्या २९ जणांनी तो पुरा केला. तरीही हा निष्कर्ष आशादायक आहे, यात शंका नाही.

परंतु याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रौढ रोग्यांवरील एका मोठ्या प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला, त्याने मापांविषयी फार मोलाचा धडा दिला. ३६८ रोग्यांपैकी सुमारे निम्म्यांना नेहमीच्या वैद्यकीय देखभालीबरोबर विचार व वर्तन यांवर आधारलेला मानसोपचार दिला, उरलेल्यांना केवळ देखभाल. एका वर्षानंतर महिन्यातील झटक्यांची संख्या हे मुख्य माप लावून पाहिले, तेव्हा दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. केवळ एवढेच मोजले असते तर उपचार निरुपयोगी ठरवून विषय संपला असता. परंतु संशोधकांनी इतरही गोष्टी मोजल्या होत्या. मानसोपचार घेतलेल्या गटात सलग झटक्यांशिवाय गेलेल्या दिवसांची संख्या अधिक होती, झटक्यांचा जाच कमी वाटत होता, आणि काम, घर व लोकांत मिसळणे यांतील अडथळे कमी झाले होते. एकाच उपचाराविषयी एक माप ‘उपयोग नाही’ म्हणते आणि दुसरे माप ‘उपयोग आहे’ म्हणते. म्हणून काय मोजावयाचे हे आधी विचारपूर्वक ठरवावे लागते.

आपल्या शाळेतील परिस्थिती कल्पून पाहू. समजा, सातवीत दोन विद्यार्थिनी आहेत, दोघींनाही महिन्याला दहा झटके येतात, आणि दोघींवरही उपचार झाला. पहिलीचे झटके दहावरून दोनवर आले. परंतु आईवडिलांनी भीतीपोटी तिला घरी ठेवले, त्यामुळे महिन्याच्या चोवीस दिवसांपैकी ती चारच दिवस शाळेत आली. दुसरीचे झटके दहावरून सहावरच आले. परंतु पूर्वी झटका आला की तिला घरी न्यावे लागे, आता ती पंधरा मिनिटे बाजूच्या खोलीत विसावून पुन्हा वर्गात बसते, आणि तिची हजेरी नऊ दिवसांवरून एकवीस दिवसांवर गेली. झटक्यांच्या वहीत पहिली अधिक बरी झालेली दिसते, हजेरीपटात दुसरी. पहिलीचे झटके कमी झाले याचे एक कारण असेही असू शकेल, की ज्या प्रसंगांत ते येत ते प्रसंगच तिच्या आयुष्यातून काढून टाकले गेले. तिच्या जगाचे आकुंचन झाले, आणि कागदावर त्याला सुधारणा हे नाव मिळाले. पुढे वर्षभराने तिचे नाव पटावरून कमी होते, आणि आठवीच्या वर्गात आपण एक गळती मोजतो. मापात झालेली चूक अशा रीतीने मुलीच्या शिक्षणावर येऊन आदळते.

तज्ज्ञांची मापे

यास्तव तज्ज्ञ लोक एकाऐवजी अनेक मापे वापरतात. त्यांतील काहींची माहिती असणे शिक्षकास उपयुक्त ठरेल, कारण एखादा डॉक्टर आपणाकडे असा तक्ता भरून मागू शकतो.

रॉबर्ट गुडमन या ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञांनी १९९७ साली ‘सामर्थ्ये व अडचणी’ यांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत पंचवीस विधाने असून त्यांचे पाच-पाचांचे पाच गट आहेत : भावनिक त्रास, वर्तनातील दोष, चंचलता व अवधानाचा अभाव, सवंगड्यांशी जमवून घेण्यातील अडचणी, आणि दुसऱ्यास मदत करण्याची वृत्ती. प्रत्येक विधान ‘लागू नाही’, ‘काहीसे लागू’ किंवा ‘निश्चित लागू’ असे ठरवावयाचे. ही प्रश्नावली पालक भरतात, अकरा वर्षांवरील मूल स्वतः भरते, आणि शिक्षकांसाठी तिची स्वतंत्र प्रत आहे. पहिल्या चार गटांचे गुण मिळवून एकूण अडचणींचे शून्य ते चाळीस असे माप निघते. ही प्रश्नावली विशिष्ट विकारासाठी नाही. मुलाच्या एकंदर मानसिक स्वास्थ्याचा अंदाज घेण्यासाठी ती आहे.

दुसरे माप १९९१ सालचे, ‘कार्यातील अडथळ्यांची यादी’ या स्वरूपाचे आहे. तीत पंधरा साध्या गोष्टी विचारल्या आहेत : जिना चढणे, घरातील काम करणे, मित्राबरोबर काही करणे, अभ्यास करणे, दिवसभर शाळेत राहणे, इत्यादी. प्रत्येक गोष्ट करताना किती त्रास होतो यास शून्य ते चार गुण. तिसरे माप १९८३ सालचे. त्यात जाणकार व्यक्ती मुलाच्या घर, शाळा व सवंगडी यांमधील एकंदर वागणुकीस एक ते शंभर यांमधील एकच अंक देते. याशिवाय पाय लुळा असेल तर सहा मिनिटांत किती अंतर चालता येते, मुलाने स्वतः ठरविलेले उद्दिष्ट कितपत साधले, आणि अर्थात शाळेतील हजेरी, अशी मापे योजली जातात.

इतकी मापे असूनही या विकारासाठी सर्वमान्य असे एकच माप नाही. २०२० साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा निरनिराळ्या संशोधकांनी निरनिराळी मापे वापरल्याने त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी ताडून पाहणे कठीण झाल्याचे दिसून आले. लहान मुलांच्या बाबतीत ही अडचण आणखी मोठी आहे, कारण मुळात मुलांवरील काटेकोर प्रयोग थोडे आहेत.

मापातील फसवणुकी

मोजमाप करताना कोणत्या गोष्टी आपली दिशाभूल करतात, हे आता पाहू. वर्गातील परीक्षांच्या अनुभवामुळे त्या आपणास चटकन पटतील.

पहिली दिशाभूल काळाची. कोणताही विकार कमीअधिक होत असतो, आणि तो अगदी विकोपाला गेला म्हणजे माणूस डॉक्टराकडे जातो. त्यानंतर काहीही केले वा न केले तरी बहुधा थोडा उतार पडतोच. त्या वेळी अंगारा लावला असेल तर श्रेय अंगाऱ्याला जाते, समुपदेशन झाले असेल तर समुपदेशनाला. म्हणूनच संशोधक तुलनेसाठी दुसरा गट घेतात. एका मुलाच्या बाबतीत दुसरा गट घेता येत नाही. परंतु उपचार सुरू होण्यापूर्वीच्या तीन-चार आठवड्यांची नोंद हाती असली, आणि नंतर सहा महिने व एक वर्ष झाल्यावर पुन्हा नोंद घेतली, तर या चुकीला पुष्कळ आळा बसतो. ऋतूही ध्यानात घ्यावा. मार्चमध्ये परीक्षेच्या दिवसांत मोजलेले झटके आणि मे महिन्याच्या सुट्टीत मोजलेले झटके यांची तुलना करणे म्हणजे पेरणीच्या दिवसांतील मजुरी ऐन उन्हाळ्यातील मजुरीशी ताडून पाहण्यासारखे आहे.

दुसरी दिशाभूल सांगणाऱ्याची. एकाच मुलाविषयी आई एक सांगते, शिक्षक दुसरे सांगतो आणि मूल तिसरेच सांगते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आखेनबाख व त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली अशा ११९ अभ्यासांचा आढावा घेतला. शून्य म्हणजे काहीच मेळ नाही आणि एक म्हणजे पूर्ण मेळ, असे माप धरले तर पालक व शिक्षक यांसारख्या भिन्न भूमिकेतील व्यक्तींच्या सांगण्यातील मेळ सरासरीने ०.२८ इतकाच भरला. यावरून कोणी खोटे बोलतो असा अर्थ काढू नये. मूल घरी एक असते, वर्गात दुसरे असते. प्रत्येकाने आपापल्या जागेवरून पाहिलेले खरेच असते. म्हणून शिक्षकाची नोंद पालकांच्या नोंदीची नक्कल असता कामा नये. ‘आई म्हणते पुष्कळ सुधारणा आहे’ हे शिक्षकाने लिहिण्याची आवश्यकता नाही. त्याने स्वतः पाहिलेले लिहावे.

तिसरी दिशाभूल शुभेच्छेची. ज्याने कष्ट घेतले त्याला सुधारणा दिसावीशी वाटते. मुलासाठी जीव टाकणाऱ्या शिक्षकालाही हे लागू आहे. डॉक्टरला बरे वाटावे म्हणून अहवालात गोडवा घालणे, किंवा हजेरीचा आकडा चांगला दिसावा म्हणून मधल्या सुट्टीनंतर घरी गेलेल्या मुलीला पूर्ण दिवस हजर दाखविणे, ही त्या मुलीवर अन्यायाची गोष्ट होईल. खोट्या हजेरीवर विसंबून डॉक्टर उपचार आटोपता घेईल, आणि तिचा त्रास पुन्हा उलटेल.

चौथी गोष्ट या विकारापुरती विशेष आणि फार नाजूक आहे. कार्यात्मक विकारात लक्षणाकडे जितके अधिक लक्ष जाईल तितके ते बळावते. हात थरथरतो का, हे मूल सारखे पाहू लागले की हात अधिक थरथरतो. उलट त्याचे लक्ष एखाद्या कामात गुंतले की थरथर मंदावते. अशा स्थितीत शिक्षकाने रोज सकाळी परिपाठाच्या वेळी ‘आज बरे आहे ना? काल आला होता का झटका?’ असे सर्वांदेखत विचारले, तर मोजणीच आजाराला खतपाणी घालील. ताप पाहताना तापमापकाने ताप वाढत नाही. येथे मात्र मोजणाऱ्याची नजर मुलाला लागते. म्हणून नोंद अवश्य ठेवावी, परंतु ती मुलाच्या नकळत नसली तरी त्याच्या डोळ्यांसमोर नसावी. मुलाला व पालकांना एकदा शांतपणे सांगावे, की डॉक्टरांच्या मदतीसाठी मी काही टिपणे ठेवणार आहे. त्यानंतर वही कपाटात, आणि नोंद शाळा सुटल्यावर.

शिक्षकाने काय टिपावे

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. डॉक्टरांनी निदान केलेले आहे आणि पालकांची संमती आहे, असे धरून पुढील नोंदी आठवड्यास एका पानात मावतील.

१. हजेरी : पूर्ण दिवस, अर्धा दिवस की गैरहजर. घरी लवकर गेल्यास किती वाजता, आणि कोणी नेले.

२. झटका किंवा अन्य लक्षण : तारीख, घड्याळाप्रमाणे सुरू होण्याची व संपण्याची वेळ, त्याआधी काय चालले होते, आणि वर्गात परत बसण्यास किती वेळ लागला. ही शेवटची नोंद सर्वांत मोलाची आहे.

३. सहभाग : वाचन, लेखन, कवायत, खेळ यांत स्वतःहून भाग घेतला, सांगितल्यावर घेतला, की टाळला.

४. सोबत : मधल्या सुट्टीत कोणाबरोबर होते, आहार इतरांबरोबर घेतला की एकट्याने. कोणी चिडविल्याचे दिसल्यास तेही.

काय टिपू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ‘लक्ष वेधून घेण्यासाठी केले’, ‘गणिताचा तास टाळण्यासाठी केले’ असे तर्क लिहू नयेत. ‘गणिताचा तास सुरू होऊन दहा मिनिटे झाली होती’ एवढे लिहिणे पुरे. कारण शोधण्याचे काम तज्ज्ञांचे आहे. ही वही अन्य कोणाच्या हाती जाऊ नये. विशेषतः मुलींच्या बाबतीत गावात एकदा ‘हिला फेपरे येते’ असा बोभाटा झाला की पुढे लग्नाच्या बोलण्यापर्यंत तो तिचा पाठलाग करतो. म्हणूनच पालक आजार लपवितात आणि उपचार लांबतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर किंवा प्रगतिपुस्तकात या विकाराचा शेरा कदापि मारू नये.

निदान झालेले नसेल तर शिक्षकाने निदान करू नये. अपस्मार आणि कार्यात्मक झटके हे दोन्ही एकाच मुलाच्या ठायी असू शकतात, आणि नुसत्या डोळ्यांनी ते ओळखणे तज्ज्ञांनाही अवघड जाते. झटका आला की भोवतालची मुले दूर करावीत, लागेल अशा वस्तू हलवाव्यात, मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही द्यावे, आणि घड्याळ पाहावे. हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक लांबला, किंवा मूल निळे पडू लागले, तर निदान माहीत नसताना थांबू नये, दवाखाना गाठावा. डॉक्टरांनी कार्यात्मक झटके असल्याचे निश्चित करून लेखी सूचना दिल्या असतील, तर त्यांप्रमाणे वागावे.

गावात अनेकदा अशा मुलाला प्रथम देवऋषाकडे किंवा भगताकडे नेले जाते. पालकांची भीती समजून घ्यावी. त्यांची टिंगल करून ते आपल्यापासून दुरावतात. परंतु भूत उतरविण्याच्या नावाखाली मारणे, चटके देणे, मिरच्यांची धुरी देणे हे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे, हेही त्यांना सौम्य शब्दांत सांगावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत तपासणीस येतात, त्यांच्या नजरेस असे मूल आणून द्यावे. तसेच मानसिक आरोग्याविषयी सल्ल्यासाठी २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक पालकांना द्यावा.

सुधारणा म्हणजे काय

शेवटी मूळ प्रश्नाकडे येतो. सुधारणा कशास म्हणावे? सिडनी येथील मुलांच्या एका रुग्णालयात या विकाराच्या मुलांसाठी जो कार्यक्रम चालतो, त्यात मूल दाखल असतानाच रुग्णालयातील शाळेत जाऊ लागते, आणि आपल्या शाळेत पूर्ण वेळ परतणे हे उपचाराच्या यशाचे एक माप धरले जाते. यामागील विचार असा, की लक्षणे पूर्ण जाईपर्यंत थांबून मग शाळा, हा क्रम मुलाला मानवत नाही. बहुधा शाळा आधी सुरू होते, आणि लक्षणे मागून जातात. दोन महिने घरी बसलेल्या मुलाचा अभ्यास मागे पडतो, मैत्री तुटते, आणि परतण्याची भीती वाढते. ही भीती पुन्हा लक्षणांना जोर देते. अर्धा दिवस, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस, असा चढता क्रम डॉक्टर व पालक यांच्याशी बोलून ठरविता येतो, आणि त्याची अंमलबजावणी फक्त शिक्षक करू शकतो.

परंतु या मापाचीही एक मर्यादा सांगितली पाहिजे. ज्या मुलाचा शाळेत छळ होत होता, त्याला दरडावून वर्गात आणून बसविले तर हजेरी भरेल, मूल मात्र बरे होणार नाही. हजेरी हे सुधारणेचे चिन्ह तेव्हाच ठरते, जेव्हा वर्ग त्या मुलाला यावेसे वाटण्याजोगा झालेला असतो. म्हणून वर दिलेल्या यादीत सोबतीची नोंद घेतली आहे. मुलाची हजेरी वाढली आणि मधल्या सुट्टीत ते पूर्वीप्रमाणेच एकटे भिंतीशी उभे राहते, असे त्या पानावर दिसले, तर दोष मुलाच्या मज्जासंस्थेत शोधण्यापूर्वी आपल्या पटांगणात शोधावा. कोण चिडवितो, केव्हा चिडवितो, कोणत्या वाटेवर गाठतो, हे शोधून थांबविणे हा या विकारावरील उपचाराचाच एक भाग आहे, आणि तो कोणत्याही डॉक्टरच्या हातात नाही.

आपल्या शाळेत असे मूल कदाचित अनेक वर्षांत एकदाच येईल. ते येईल तेव्हा त्याला सोंगाडे म्हणून शिक्षा होऊ नये, बाधा झाली म्हणून घरी कोंडले जाऊ नये, आणि त्याच्या उपचाराचा निकाल अर्धवट माहितीवर लागू नये, एवढ्यासाठी हे सविस्तर सांगितले. आठवड्यास एक पान, खरे आणि तर्कविरहित, इतकीच अपेक्षा आहे.